नुसतं बघायचे पैसे

नोकरी सोडली त्या आठवड्यात आमच्या घरात एकाच विषयावर वाद झाले: मी लोकांकडून पैसे कशाचे घ्यायचे? किती घ्यायचे हा पुढचा प्रश्न. आधी कशाचे, ते तर ठरू दे!

मी सिव्हिल इंजिनिअर. इमारतींमधली गळती शोधणं हे माझं काम. छताला ओल आली, भिंतीचे पोपडे सुटले, की पाणी नेमकं कुठून येतंय ते हुडकायचं. खराडीतल्या एका कंपनीत मी वर्षानुवर्षं हेच करत होते. तिथे कंपनीला दुरुस्तीच्या खर्चावर टक्के मिळायचे. मग काय, जिथे नळाचा एक वॉशर बदलून भागलं असतं तिथेही अख्ख्या बाथरूमच्या फरश्या उखडा, असा सल्ला जायचा. एक दिवस साहेबांनी माझ्या अहवालातला खर्च माझ्यादेखत तिप्पट केला आणि माझं डोकं फिरलं. ते तसं लवकरच फिरतं. राजीनामा देऊन कसब्यातल्या घरी आले आणि नवऱ्याला म्हटलं, "आजपासून मी माझी मालक."

"वा! मग मालकीणबाई, पगार कोण देणार?" तो म्हणाला.

तो बँकेत आहे. त्याला दर महिन्याच्या शेवटी पैसे आपोआप येतात, त्यामुळे त्याला अशा विषयावर फार सुचतं. त्याचं म्हणणं, भेटीचे पैसे घे, डॉक्टर घेतात तसे. गेलीस, पाहिलंस, सांगितलंस, पैसे घेतलेस. टक्केवारी मला नकोच होती, तिच्यापायी तर नोकरी सोडलेली. म्हणून मी भेटीची फी सांगून पाहिली. पहिल्या फोनवर बाई म्हणाल्या, "म्हणजे नुसतं बघायचे पैसे?" दुसऱ्या फोनवर एक आजोबा होते. ते शांतपणे म्हणाले, "बघायला आम्हीही रोज बघतोच की. आम्हाला कोण देतं?" तिसऱ्या माणसाने फोन ठेवून दिला, ते त्यातल्या त्यात बरं.

मग मला एकदम भारी कल्पना सुचली. गळती थांबली तर पैसे, नाही थांबली तर एक रुपयाही नको! यात लबाडीला जागाच कुठे होती? मी स्वतःवर इतकी खूश झाले की दोन दिवस त्याच तोऱ्यात होते. नवऱ्याने विचारलं, "आणि थांबली की नाही, हे कोण ठरवणार?"

"पाणी ठरवेल," मी म्हटलं. बाणेदार उत्तर वाटलं होतं तेव्हा.

पहिलं खरं काम आलं ते बिबवेवाडीतून. तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली सोसायटी. दुसऱ्या मजल्यावर एक काकू एकट्या राहायच्या, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या. दार उघडून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "या. खुर्ची कोरडी आहे. छताचं सांगू शकत नाही."

आतल्या झोपायच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या भिंतीलगत, छताच्या कोपऱ्यात मोठा ओला डाग पसरला होता. मध्ये गिलावा सुटून गंजलेली सळई दिसत होती. त्यातलाच एक तुकडा आदल्या आठवड्यात खालच्या पलंगावर पडला होता.

"ही खोली लेकीसाठी आहे," काकू म्हणाल्या. "बाळंतपणाला येतेय. पहिलंच आहे. आता तुम्हीच सांगा, बाळाला कुठे झोपवू? छत्री उघडून खाली?" बोलणं कडक होतं, पण त्या पलंगावरची चादर उगाचच पुन्हा पुन्हा सारखी करत होत्या. मला त्यांची कीव आली.

वरच्या घरात भाडेकरू होते आणि तिथली बाई डबे करायची. नेमकं या डागाच्या वर, भिंतीपलीकडे, तिचं सिंक. काकूंच्या मते शोधायचं काही नव्हतंच, फक्त एका इंजिनिअरने तसं कागदावर लिहून द्यायला हवं होतं. मी माझी अट सांगितली. त्यांना ती आवडली.

"उत्तम. एक दुरुस्ती करा," त्या म्हणाल्या. "गळती थांबली, आणि वरच्यांच्या खर्चाने थांबली, तर पैसे. त्यांची फरशी मी कशाला बदलून देऊ?"

मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. पाणी वरून खाली येतं, वर एकच घर होतं आणि पहिलं काम हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. मी तसं लिहून सही केली, काकूंनी पूर्ण नावानिशी सही केली आणि कागद फाइलला लावून टाकला.

मग मी वर गेले. दार अर्धंच उघडलं. बाई माझ्याच वयाची, हाताला पीठ लागलेलं.

"तुम्ही खालून आल्या न?"

"हो. ओल कुठून येते ते बघायला."

"पैसे त्याच देणार न?"

"हो."

"मंग पाहून काय करता, ताई? काय सांगाचं ते ठरलंच असन तुमचं." आणि तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

मी जिना उतरताना मनात तिला इतकं बोलले! मी कोण, माझा अनुभव केवढा, मी कशापायी नोकरी सोडली, हिला काय माहीत? खाली स्कूटरला किल्ली लावेपर्यंत राग ओसरला. बाई बरोबर बोलली होती. तिची चूक निघाली तरच मला पैसे होते. दुसरं काहीही निघालं तर शून्य. रात्री नवऱ्याला सांगितलं, तर तो हसलाही नाही. "हे तर टक्केवारीपेक्षा वाईट झालं," एवढंच म्हणाला. मी त्याला गप्प बस म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे आपटत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा वर गेले. दारातच सांगून टाकलं, "जे सापडेल ते आधी तुम्हाला सांगेन, मग त्यांना. तुमचं असेल तर तुमचं, नसेल तर नाही." तिने जरा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि दार पूर्ण उघडलं.

स्वयंपाकघर अर्धं रिकामं होतं. मोठी पातेली एकात एक घालून दोरीने बांधलेली, डब्यांची थप्पी खोक्यात. मी विचारलं, कुठे निघालात का? तेव्हा तिने सगळं सांगितलं. काकूंनी घरमालकाला तक्रारीचं पत्र पाठवलं होतं. मालक राहायचा परगावी. त्याने फोनवरच निकाल दिला: एक तर स्वखर्चाने स्वयंपाकघराची फरशी फोडून नीट करून घ्या, नाही तर महिनाअखेर घर सोडा.

"फोडली तर दोन-तीन आठवडे डबे बंद," ती म्हणाली. "डबा खानारी पोरं तवरोक उपाशी थोडीच राहतीन? दुसरीकडं लावतीन. अन् सोडून गेलो, तं माहे सगळे डबे ह्याच गल्ल्यांत हायत. पायी पोचवते मी. लांब गेल्यावर कोन घेईन?" अमरावतीकडून नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी आलेले हे लोक. कारखान्यात काम कमी झालं तेव्हापासून घर या डब्यांवरच चाललं होतं. मुलगी इथल्याच शाळेत. हे सांगताना ती पोळ्या लाटतच होती.

मी सिंककडे वळले. त्यावर परात उपडी घातलेली होती आणि नळाला फडकं बांधलेलं. परात उचलून पाहते तर आत खडखडीत कोरडं! जाळीवर धूळ.

"हे काय?"

"काकू म्हनल्या का माह्या सिंकचं पानी गळते. मंग वापरनंच बंद केलं. भांडे गच्चीवर घासते. वर टाकीजवळ नळ हाय."

"कधीपासून?"

"झाले असन दोन महिने."

"सगळी भांडी? डब्यांची पण?"

"मंग? अर्धी ठेवू काय तशीच?"

"अहो, मग हे कोणाला सांगितलं का नाहीत?"

"सांगतलं न मालकाले. तो म्हने, तू तं असं म्हनशीनच. अन् काकूंनी कधी इचारलंच नाही."

दोन महिने हे सिंक कोरडं होतं आणि खालचा डाग मात्र वाढतच होता. घरात कोणी पाऊल टाकलं असतं, ही परात उचलून पाहिली असती, तर पाच मिनिटांत कळलं असतं की पाणी हिचं नाही. कोणी आलंच नव्हतं. मला भयंकर राग आला, आणि रडूही आलं. ती म्हणाली, "बसा ताई, पोळी खाऊन जा." मी खाल्ली. फार चांगली होती.

मग पाणी होतं कुणाचं? दुसऱ्या दिवशी मी भर दुपारी काकूंकडे गेले. त्या नुकत्याच भांडी घासून हात पुसत होत्या. मी स्टुलावर चढले, छताच्या डागावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून राहिले. ओल कोमट होती.

"काय झालं? शॉक बसला का?" काकूंनी खालून विचारलं.

"काकू, तुमच्या सिंकला गरम पाणी येतं?"

"येतं. सोलरचं. गार पाण्याने माझी बोटं आखडतात. निवृत्त झाले तेव्हा मुद्दाम पाइप टाकून घेतला. आणि इतरांसारखा बाहेरून नाही हं, भिंतीतून घेतला. बाहेरून पाइप लोंबलेले मला खपत नाहीत."

मी तडक गच्चीवर गेले. सोलरच्या टाकीपासून प्रत्येक घराचा पाइप निघत होता, पाणी बंद करायच्या चावीवर घराचा क्रमांक रंगवलेला. सगळे पाइप बाहेरच्या बाजूने खाली उतरत होते. एकच कठड्याजवळून भिंतीत शिरत होता, तो काकूंचा. वरच्या बाईच्या सिंकच्या मागून खाली जाणारा. पलीकडे टाकीच्या नळाशी ती स्वतः उकिडवी बसून एक भलंमोठं पातेलं घासत होती, पदर डोक्यावर घेऊन, कारण ऊन चटके देत होतं. मी काकूंच्या पाइपची चावी बंद केली आणि खाली येऊन सांगितलं, काही दिवस तुमचं सोलरचं पाणी बंद ठेवतेय, तपासायचंय.

"तपासा. माझ्या गरम पाण्याचा आणि तिच्या मोरीचा संबंध सापडला, तर मलाही कळवा," काकू म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात गेले तेव्हा डागाच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. हात लावला तर मधलाही भाग सुकत आलेला. मी कबूल केल्याप्रमाणे आधी वर गेले आणि तिला सांगितलं. तिने हातातलं लाटणं खाली ठेवलं, "खरंच?" म्हणाली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मग मी खाली आले.

"काकू, पाणी वरच्यांचं नाही. तुमच्या सोलरच्या पाइपचं आहे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे माझ्याच पाण्याने माझंच छत."

"हो. जुना पाइप कायमचा बंद करायचा, नवा बाहेरून घ्यायचा. एका दिवसाचं काम. वर काहीही फोडायला नको. लेक यायच्या आत रंगसुद्धा होईल."

काकू उठल्या, फाइल काढली, तो कागद पुढे ठेवला. "मग ठरल्याप्रमाणे तुम्हाला काही मिळत नाही."

"नाही मिळत."

"पाइप सापडला तेव्हाच हे कळलं असेल."

"हो."

"मग बोललात कशाला?" यात टोमणा नव्हता. त्या खरंच विचारत होत्या.

माझा आवाज चढला. "अहो काकू, वर एक बाई सामान बांधून बसलीय! महिनाअखेर तिला घर सोडायचंय!"

"मला माहीत आहे," त्या अगदी हळू म्हणाल्या. "ते पत्र मीच लिहिलं होतं. आता कोणत्या तोंडाने सांगू त्या माणसाला, की मी चुकले?" आणि कागद पुन्हा फाइलला लावू लागल्या. काकूंनी सांगितलं नाही, तर मालक माझं ऐकणार नव्हता आणि तिचं तर नाहीच नाही.

तेवढ्यात बेल वाजली. वरची बाई आली होती, हातात मोबाइल. काकूंकडे न बघता मला म्हणाली, "ताई, हे लिहून द्या. पानी माह्या घरचं नव्हतं असं. किती पैसे?"

"छे, तुमच्याकडून कसले पैसे?"

"फुकट नोको. फुकट लिहिलं तं मालक म्हनन, बाईले दया आली. पैसे द्याचे तं मोजून द्याचे. क्यूआर कुठं हाय तुमचा?"

"अजून काढला नाही."

"धंदा करता अन् क्यूआर नाही? बाप्पा!"

मी हसले, आणि हसता हसता गेल्या कित्येक दिवसांचा प्रश्न सुटला. मी पैसे बघायचेच घ्यायचे होते, नुसतं बघायचे! आणि सगळे काकूंनी दिले तर कागद काकूंचा झाला असता, सगळे हिने दिले तर हिचा. छताच्या दोन्ही बाजूंनी सारखे दिले, तरच तो कुणाच्या बाजूचा नाही. आजही मी असंच काम घेते: वरचे निम्मे, खालचे निम्मे, पाऊल टाकायच्या आधी, आणि काहीही निघालं तरी तेवढेच. त्या दिवशी पहिल्यांदा आवाज न कापता मी आकडा सांगितला आणि म्हटलं, "यातले निम्मे तुमचे." उरलेल्या निम्म्याबद्दल बोलले नाही, काकूंकडे पाहिलंही नाही. तिने माझ्या नंबरावर पैसे पाठवले आणि मी लिहायला बसले.

लिहून झाल्यावर काकूंनी हात पुढे केला. कागद दोनदा वाचला. मग खाली 'मला मान्य' असं लिहून सही केली, मोबाइलवर फोटो काढून मालकाला पाठवला आणि आमच्यासमोरच फोन लावला.

"मी खालच्या मजल्यावरून बोलतेय. कागद पाठवलाय तो बघा. तुमच्या भाडेकरूंची चूक नव्हती, माझी होती. त्यांना राहू द्या. नाही नाही, गैरसमज कसला? चूक. चूकच म्हणा."

वरची बाई दाराशी उभी राहून ऐकत होती. फोन झाल्यावर फक्त "येते" म्हणाली आणि गेली. तिची पावलं जिन्यावर भराभर वाजली.

मी सामान आवरत होते. थोड्या वेळाने वरून आवाज सुरू झाला. पाण्याची धार, मग पातेल्याचा दणका, मग एकावर एक ताटं. सिंक वाहत होतं. काकूंनी मान वर केली, छताकडे पाहिलं.

"केवढा हा आवाज! इतके दिवस कसा आला नाही?" त्यांच्या कपाळावर आठी पडली. "मग ही भांडी घासत कुठे होती?"

"गच्चीवर."

"गच्चीवर? ती कशाला?"

"तुम्ही म्हणालात ना, सिंकचं पाणी गळतं. त्या दिवसापासून तिने नळ उघडलेलाच नाही."

"सगळी भांडी? या उन्हात?"

"सगळी."

काकू उठल्या. मग कपाटातून पाकीट काढून माझे निम्मे पैसे मोजले आणि माझ्या हातावर ठेवले. "बघायचे," एवढंच म्हणाल्या. दार उघडून, कठड्याला धरत, एकेक पायरी वर चढायला लागल्या. चप्पलही घातली नव्हती.

मी खालीच थांबले. वरची बेल वाजली आणि भांड्यांचा आवाज बंद झाला. मग छतातून दोन बायकांचे आवाज आले. त्यातली एक रडत होती. कोण, ते मला खालून कळलं नाही.